रिकाम्या खोलीची डिस्क

१

मिस्त्रींना खरं तर कुणी मिस्त्री म्हणायचं कारण नव्हतं. विटा-सिमेंटशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण अंधांसाठी चालणाऱ्या त्या वाचनालयात पंखा बिघडो, नळ गळो की कॉम्प्युटर रुसो, हाक त्यांनाच जायची. कुणीतरी एकदा थट्टेत मिस्त्री म्हणालं आणि ते कायमचं चिकटलं. त्यांची बायको तिथंच पुस्तकं वाचायची, मोठ्यानं, माइकसमोर बसून. तिला सगळे बाई म्हणायचे. बाईंनी वाचायचं, मिस्त्रींनी ते रेकॉर्ड करायचं, मधले खोकले आणि पानांची फडफड काढून टाकायची, डिस्कवर उतरवायचं आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरी पाठवून द्यायचं. ऐकणारी बहुतेक मंडळी वयस्कर. फोनच्या गुळगुळीत काचेवर बोटं फिरवून त्यांना काही सापडत नसे. डिस्क हाताला कळते, तिची कड कळते, मधलं भोक कळतं. म्हणून जग पुढं निघून गेलं तरी वाचनालय डिस्कपाशीच थांबलं होतं.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना आणि दाराला जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक टेबल, एक दिवा, बाईंची खुर्ची, आणि खिडकी बुजवून केलेल्या कोनाड्याशी मिस्त्रींचा कॉम्प्युटर. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक गोष्ट ठरलेली. बाई खुर्चीत टेकायच्या, चष्मा वर सारायच्या आणि विचारायच्या, "अहो, खोली घ्यायची ना?" मिस्त्री बटण दाबून म्हणायचे, "हं, चालू." मग दोघंही श्वास रोखून बसायचे आणि माइक नुसती खोली ऐकायचा. कारण गप्प खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. पुढं खोकला कापला की त्या जागी ही गप्प खोली जोडायची. तसं केलं नाही तर तिथं एकदम कान बंद झाल्यासारखं होतं आणि ऐकणारा दचकतो. एका नव्या शिपायानं 'खोली घ्यायची ना' एवढंच ऐकून नवरा-बायको भाड्याची खोली शोधताहेत अशी समजूत करून घेतली होती, आणि बिचारा पत्ते घेऊन आला होता.

खोली घेताना दोघांनी आत बसायचंच, हा बाईंचा नियम. माणसं आत असली की खोलीचा आवाज मऊ असतो. तीच माणसं उठून गेली की तो कोरडा होतो, असं त्या म्हणायच्या. मिस्त्रींना यातला फरक कधी कळला नव्हता. पण बायकोशी कशाकशावरून वाद घालायचा, हे त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं, आणि त्यात हा विषय बसत नव्हता.

२

आता दोघंही थकले होते. मिस्त्रींचे गुडघे बोलायला लागले होते आणि बाईंचा गळा बोलेनासा झाला होता. तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. ती काढावी लागणार होती. डॉक्टर भला माणूस, पण गोड बोलणारा नव्हता. "आवाज परत येईल," तो म्हणाला, "पण हाच येईल असं मी लिहून देणार नाही."

घरचा जिना चढताना बाई म्हणाल्या, "हातातलं पुस्तक तेवढं संपवू. मग काय व्हायचं ते होऊ दे." पुस्तक म्हणजे चांगली जाडजूड कादंबरी होती. मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांच्या मनात वेगळंच होतं. ज्या आवाजानं त्यांना जन्मभर उठवलं, रागावलं, बाजारातून काय आणायचं ते सांगितलं, तो आवाज आता जायला निघाला होता, आणि त्यांच्या हातात धरून ठेवण्यासाठी एक माइक आणि डिस्क उतरवणारा एक म्हातारा डीव्हीडी ड्राइव्ह होता.

नेमका तोच कुरकुरायला लागला. कोऱ्या डिस्कचा नवा गठ्ठा आला तेव्हापासून ऐकणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. डिस्क अडकते, मधलंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. मिस्त्रींनी दोष ओळखला. ड्राइव्हच्या पोटात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कोणत्या जातीच्या डिस्कवर लेझर किती जोरात मारायचा, हे ड्राइव्हला तो सांगतो. या नव्या जातीची डिस्क आली तेव्हा ड्राइव्हचं शिक्षण कधीच पूर्ण झालेलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर फर्मवेअरचा नंबर पाहिला, कंपनीच्या साइटवरचा पाहिला. साइटवरचा पुढचा होता.

त्या दुपारी बाईंना खोकल्याची अशी उबळ आली की थांबेचना. खोली घ्यायला बसावं तर दर वेळी मध्येच खोकला. आणि आता कापायचे खोकले इतके झाले होते की जोडायला गप्प खोली भरपूर लागणार होती. मिस्त्री वैतागले. त्यांनी रेकॉर्डिंग चालू ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाईंना कोमट पाणी द्यायला खाली घेऊन गेले. खोली एकटीच आपली आपल्याला रेकॉर्ड करत राहिली. "बिनमाणसांची का असेना," ते म्हणाले, "खोली ती खोली." बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. बोलायला गळा नव्हता.

वर आल्यावर त्यांनी तो लांबलचक तुकडा हाताशी असावा म्हणून एका डिस्कवर उतरवला, आणि बाई घरी गेल्यावर फर्मवेअरला हात घातला. प्रोग्रामनं सूचना दिल्या. वीज बंद करू नका. मध्ये काही दाबू नका. ट्रेमध्ये डिस्क ठेवू नका. मिस्त्रींनी वाचलं न वाचलं केलं आणि 'हो' दाबलं. पट्टी हळूहळू भरत गेली. ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता आणि आतून फिरण्याचा बारीक आवाज येत होता.

पट्टी भरून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की रिकामा ड्राइव्ह फिरत नाही. बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, आणि त्यात रिकाम्या खोलीची डिस्क होती. चांगली गरम झाली होती.

त्यांनी जीभ चावली. पण नवा नंबर दिसत होता, ड्राइव्ह चालत होता. वाचलो, असं म्हणून ते घरी गेले.

३

वाचनालयाचा सगळ्यात खडूस श्रोता म्हणजे मास्तरीणबाई. जन्मभर गाणं शिकवलं, उतारवयात डोळे गेले, आणि आता पुस्तकं ऐकण्यात दिवस काढायच्या. बाईंच्या वाचनाच्या त्या भक्त होत्या. भक्तांनी काढाव्यात तितक्या चुका काढायच्या. नव्या फर्मवेअरवर उतरवलेली पहिली डिस्क त्यांच्याकडे गेली आणि त्यांचा फोन आला.

"मिस्त्री, डिस्क झकास झालीय. कुठं म्हणून अडकली नाही."

"चला, सार्थक झालं," मिस्त्री म्हणाले.

"बाईंचा गळा मात्र बसलाय. जपायला सांगा. आणि एक विचारू? तुम्ही आत कुणाला बसवता हल्ली?"

"कुणाला बसवणार? आम्ही दोघंच."

"छे. तिसरं कुणीतरी आहे."

मिस्त्री हसले. "अहो, मीच तो."

"तुम्हाला ओळखते मी. तुम्ही भिंतीकडे बसता आणि पाय हलवला की तुमचा गुडघा कट्‌कन वाजतो. इतकी वर्षं ऐकतेय, पुस्तकांपेक्षा तुमचा गुडघा जास्त पाठ झालाय. हे माणूस दाराकडं बसलंय."

"काय करतंय?"

मास्तरीणबाईंना उत्तर माहीत होतं, फक्त कसं सांगावं ते कळत नव्हतं.

"काही करत नाही हो," त्या म्हणाल्या. "ऐकतंय."

४

मिस्त्रींनी कॉम्प्युटरवरचं मूळ रेकॉर्डिंग काढलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज मोठा केला. बाईंचा आवाज, त्यांचा गुडघा, आणि जिथं जिथं खोकले कापले होते तिथं गप्प खोली. बस. मग त्यांनी तेच वाचनालयात ठेवलेल्या प्रतीच्या डिस्कवरून ऐकलं. आवाज तोच, गुडघा तोच. जिथं खोकले कापले होते तिथं खोली गप्प होती, पण ती रिकामी वाटत नव्हती. म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असलं की न पाहताही आपल्याला ठाऊक असतं, तसं. एका जागी गादीला कापड घासल्यासारखं झालं. दाराच्या गादीला.

त्यांनी हेडफोन काढले, पुसले, पुन्हा चढवले. आता घासलं की नाही, नक्की कळेना. वय झालं की कानात काहीबाही वाजतं. शिवाय मास्तरीणबाईंनी मनात भरवून दिल्यावर ऐकू न येण्याची सोय कुठं होती? कॉम्प्युटरवरून डिस्कवर जाते ती नक्कल. नक्कल मुळापेक्षा कमी असू शकते, जास्त असू शकत नाही. इतकी वर्षं हेच काम केलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

उठताना त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दाराशेजारी एक घडीची खुर्ची कायम मिटून भिंतीला टेकवलेली असायची. ती उघडून ठेवलेली होती. झाडणाऱ्या बाईनं ठेवली असेल. तिला सांगायचं म्हणून त्यांनी मनात नोंद केली, आणि मग मुद्दामच तिला विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती तर काय करायचं, ते त्यांना सुचलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधीचं फर्मवेअर परत घालून पाहिलं. प्रोग्रामनं सरळ नकार दिला. मग नवंच पुन्हा घालायला घेतलं, या वेळी शहाण्यासारखं. ट्रे उघडला, आत बोटं फिरवून पाहिली, रिकामा आहे याची खात्री केली आणि बंद केला. पट्टी भरत गेली. दिवा लुकलुकला.

आतून फिरण्याचा आवाज येत होता.

मध्ये काही दाबायचं नव्हतं. मिस्त्री हात मांडीखाली घेऊन बसून राहिले. पट्टी भरल्यावर ट्रे उघडला तेव्हा आत काही नव्हतं. ट्रेच्या खळग्याला बोट लावलं, तो कोमट होता.

ड्राइव्ह शिकतो बिकतो काही नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. त्याला शिकवतं ते फर्मवेअर, आणि ते येतं कंपनीकडून. त्या वेळी ट्रेमध्ये कोणती डिस्क होती याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. त्यांनी दुकानदाराला फोन लावून नवा ड्राइव्ह मागवला. "आता कोण वापरतं हो ते?" दुकानदार म्हणाला, "बघतो, कुठं मिळाला तर. वेळ लागेल." तोवर थांबावं, असं त्यांच्या मनात आलंही. पण मास्तरीणबाई पुढच्या भागासाठी रोज फोन करत होत्या आणि ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. शिवाय थांबायचं कशासाठी, हे बाईंना काय सांगणार होते? त्यांनी पुढचा भाग उतरवला आणि पाठवून दिला.

"आता दाराशी नाही बरं का," मास्तरीणबाई या वेळी नमस्कार-चमत्कार न करताच म्हणाल्या. "टेबलाशी आलंय. बाईंच्या अगदी बाजूला."

"मास्तरीणबाई, थट्टा नका करू."

"मी थट्टा करणारी बाई वाटते का तुम्हाला? नीट ऐका. वाक्य सुरू करायच्या आधी माणसाचे ओठ सुटतात, त्याचा बारीकसा आवाज होतो. या डिस्कमध्ये तो दोनदा येतोय. आधी त्याचा, मग बाईंचा. माझ्याकडं पोरी शिकायला यायच्या ना, त्या असंच करायच्या. मी सूर लावणार असं दिसलं की माझ्याआधीच तोंड उघडून बसायच्या. सूर लागत नसायचा, नुसतं तोंड उघडायचं. पहिले काही दिवस."

"आणि मग?"

"मग लागायचा."

त्या दिवशी वाचायला बसताना बाईंनी खुर्ची जराशी मिस्त्रींच्या बाजूला सरकवली. "काय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "इकडं दाटी झाल्यासारखी वाटते." मग चष्मा वर सारून त्यांनी नेहमीचं विचारलं, "अहो, खोली घ्यायची ना?" मिस्त्रींनी बटण दाबलं. "हं, चालू," म्हणताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दांची भीती वाटली.

६

शेवटचं प्रकरण वाचायचं ठरलं त्या दिवशी बाईंनी सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता. साठवून ठेवत होत्या. सुरुवात छान झाली. मग वाक्यं तुटायला लागली, शब्द तुटायला लागले. त्या थांबत, पाणी पीत, पुन्हा सुरू करत. मिस्त्रींच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे त्यांना ते सगळं अगदी जवळून ऐकावं लागलं. एखादं कापड टरकत जावं आणि आपण नुसतं बघत राहावं, तसं झालं.

शेवटची थोडी पानं उरली असताना आवाज पूर्ण गेला. बाईंचे ओठ हलत होते आणि बाहेर नुसती हवा येत होती. त्यांनी पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि रडायला लागल्या. रडण्यालाही आवाज नव्हता. मिस्त्रींनी रेकॉर्डिंग बंद केलं, उठले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. "राहू दे गं," ते म्हणाले. "बरी झालीस की वाच. पळून जातंय का पुस्तक?" दोघांनाही माहीत होतं की ते नुसतं बोलायचं म्हणून बोलणं होतं.

झालं तेवढं त्यांनी डिस्कवर उतरवून पाठवून दिलं. मास्तरीणबाईंना फोन करून सांगायचं होतं की शेवट राहिलाय, माफ करा. ऑपरेशनच्या धावपळीत ते राहून गेलं. बाई दवाखान्यात असतानाच, मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा, मास्तरीणबाईंचा फोन आला.

"पुस्तक संपलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा टणक नव्हता. "शेवट किती सुंदर वाचलाय हो. एक खोकला नाही, एक अडखळणं नाही. बाईंनी विशीत वाचलं असतं तर असं वाचलं असतं."

मिस्त्री बाकावरून उठून उभे राहिले.

"आवाज बाईंचाच आहे," त्या पुढं म्हणाल्या. "पण मिस्त्री, त्या भागात कुठंही श्वास घेतलेला नाही. मी चारदा ऐकलं. जन्मभर मी पोरींचे श्वास मोजले. पानंच्या पानं कुणी श्वास न घेता वाचत नाही. आणि ते बाजूचं माणूसही आता नाहीये." त्या अडखळल्या. "खरं सांगू? बाईच नाहीत. ते एकटंच आहे."

७

मिस्त्रींनी ती डिस्क परत मागवून घेतली. कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये बाईंचा आवाज तुटत तुटत गेला होता आणि मग त्यांचं स्वतःचंच "राहू दे गं" येण्याआधी सगळं बंद झालं होतं. डिस्कवर मात्र आवाज तुटण्याच्या जागेच्या जरा आधी सावरला, आणि तिथून पुढं शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ, सलग वाहत गेला.

त्यांनी ती डिस्क फोडून टाकायला हवी होती. त्यांना ते कळतही होतं. पण घर इतकं मुकं झालं होतं! महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंच्या हातात लहान मुलांची पाटी होती आणि दिवसभर घरात खडूची करकर. 'पाणी.' 'पंखा बंद करा.' 'जेवलात का?' मिस्त्रींना त्या करकरीनं कसंतरी व्हायचं. मग ते वाचनालयात जाऊन दार लावून घ्यायचे आणि त्या स्वच्छ आवाजात शेवटची पानं ऐकायचे. तिचा आवाज उद्या परत आलाच नाही तर निदान हा तरी आहे, असं त्यांच्या मनात यायचं. ऐकताना डोळे भरून यायचे आणि अंगावर काटाही यायचा. ते तरीही ऐकत राहायचे.

नवा ड्राइव्ह आला. त्यांनी जुना काढला, नवा बसवला, फर्मवेअरचा नंबर तपासला, ट्रे रिकामा आहे ना ते पाहिलं. सगळं ठीक. ती डिस्क नव्या ड्राइव्हमध्ये घातली तर त्यानं ती कोरी असल्याचं सांगितलं. मिस्त्री बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग जुना ड्राइव्ह त्यांनी कचऱ्यात टाकला. जिन्यापर्यंत गेले, परत आले, तो कचऱ्यातून काढला आणि पिशवीत घालून घरी आणला. आतल्या खोलीतल्या कपाटात, गरम कपड्यांच्या मागं तो ठेवून दिला. बाईंना काही सांगितलं नाही.

८

महिना संपत आला होता. दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं. बाई बाहेरच्या खोलीत बसून जुन्या कपड्याला बटण लावत होत्या, पाटी शेजारी पडलेली. मिस्त्री त्यांच्यासमोर आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता पेंगुळले होते. पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायला धडपडत होतं. सगळं इतकं नेहमीचं होतं की त्यांचा डोळा लागला.

"अहो, खोली घ्यायची ना?"

आवाज आतून आला. स्वच्छ, ताजा, मायेचा. जन्मभराची सवय; डोळे उघडायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हं, चालू."

मग डोळे उघडले.

बाई समोरच होत्या. ओठ घट्ट मिटलेले. सुई खाली पडली होती आणि त्या पाटीवर घाईघाईनं लिहीत होत्या, इतक्या जोरात की खडू तुटला होता. लिहिलेलं पुरतं वाचता येत होतं. 'ओ देऊ नका.'

त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, नवल नव्हतं. मिस्त्रींना कळलं, ती हाक त्या आज पहिल्यांदा ऐकत नव्हत्या. ते वाचनालयात जायचे तेव्हा त्या घरात एकट्याच असायच्या. एकट्या, हाकेला ओ द्यायलाही आवाज नसलेल्या. म्हणून निभावलं होतं.

दोघंही श्वास रोखून बसले, खोली घेताना इतकी वर्षं बसत आले होते तसेच. आतल्या खोलीत कपाटाचं दार हळूच कुरकुरलं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. त्या खोलीत खुर्ची नव्हती. दारावरचा पडदा स्थिर होता, फक्त खालच्या काठाशी, मधोमध, आतून काहीतरी टेकल्यासारखा किंचित बाहेर आला होता.

बाईंनी मिस्त्रींचा हात धरला. आता डॉक्टरांनी काय बजावलंय ते राहू दे, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. इथून उठा, चला, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांनी घसा साफ केला, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि महिन्याभरानंतर पहिल्यांदा बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले.

"अहो," पडद्याच्या आतून आवाज आला, "इथून उठा. चला."

बाईंचे ओठ मिटले. त्यांनी गळ्याला हात लावला, आणि मिस्त्रींनी पाहिलं, त्या पुन्हा पुन्हा तोंड उघडून तेच म्हणत होत्या. आणि दर वेळी आतून, श्वास न घेता, कुणीतरी ते नीट वाचून दाखवत होतं.